खिडकीपुढची पोती

फर्गिव्हनेस आणि फॉरबेअरन्स यांत फरक काय, असं तुम्हा नातवंडांतल्या धाकटीनं परवा फोनवर विचारलं. शब्दकोश तुमच्याकडंही आहे. मी तुम्हाला माझ्या खिडकीचं सांगते.

शिरपूरच्या आपल्या घरात चुली दोन, अंगण एक. अर्धं घर माझं, अर्धं तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाचं. त्यांचं धान्याचं दुकान आहे. गोदामात न मावणारी हरभऱ्याची पोती ते माझ्या खिडकीबाहेर रचतात. खोलीला खिडकी तेवढी एकच. दुपारी मला वाचायचं असतं आणि या डोळ्यांना बल्ब पुरत नाही. सांगितलं की म्हणतात, उद्या हलवतो. आजोबा गेल्यापासून तो उद्या उगवलेला नाही.

पर्युषण संपलं की क्षमावाणीला आपल्यात सगळे एकमेकांकडं जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. भाऊजीही दरवर्षी येत. मी हात जोडत असे, ते चहा घेत आणि त्याच पोत्यांना वळसा घालून परत जात.

यंदा मी हात जोडले नाहीत.

"वैनी, सालभरात काही चुकलं असंन तर माफ करा," ते म्हणाले.

"भाऊजी, पोते हलवा, मंग माफी."

जाऊबाई म्हणाल्या, आजच्या दिवशी कोणी असं अडून बसतं का?

"आजवर सहन करून राह्यली," मी म्हटलं. "त्याले माफी समजू नका."

त्रास चालू असताना गप्प राहणं म्हणजे फॉरबेअरन्स. तो मी भरपूर दिला. फर्गिव्हनेस हवा असेल तर आधी त्रास थांबवावा. शब्दकोशात असं नसेलही. माझ्या खोलीत अर्थ हाच.

मंदिरात बाया म्हणाल्या, एवढं इंग्रजी शिकली, पण क्षमा नाही शिकली. मी उत्तर दिलं नाही. तो मात्र फॉरबेअरन्स होता.

काही दिवसांनी हमाल आले आणि वरची पोती उतरवून घेऊन गेले. मागोमाग भाऊजी दारात.

"आता झालं ना, वैनी?"

मी खिडकीकडं पाहिलं. वरचा भाग मोकळा, खालचा तसाच.

"अर्धं झालं," मी म्हटलं आणि चहा ठेवला.

चहा त्यांनी घेतला. माफी अजून माझ्याकडंच आहे. खुर्चीवर दोन उशा टाकून, उजेडाच्या उंचीला बसून मी हे लिहिते आहे.