दिवस मावळायच्या आत धन्याचं पाणी

सुजू, ये, अशी जवळ सरक. तू फलटणला, मी इकडं सांगलीकडं, कशी सरकणार म्हणशील. तरी सरक. आणि परवा फोनवर काय म्हणालीस ते माझ्या तोंडावर म्हण बघू. "मावशी, कमरेत कळ आली होती गं, मेडिकलमधनं गोळी आणून घेतली आणि कामाला लागले." कामाला लागलीस! मोठी शहाणी! असंच तुझे काका कामाला लागले होते. म्हणून कान धरून सांगते. तुझ्यासारखे आणखी कुणी असतील, त्यांनीही ऐकावं.

दवाखान्यात डॉक्टर मॅडम रिपोर्ट घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "आजी, यांना अॅक्युट किडनी इंज्युरी झालीय. सकाळपर्यंत लघवी सुरू झाली नाही तर डायलिसिसला घ्यावं लागेल."

पहिला शब्द म्हणजे मूत्रपिंडाला अचानक बसलेला मार. दुसरा म्हणजे अंगातलं रक्त यंत्रातनं धुऊन परत आत सोडायचं. मी काकांकडं बघितलं, तर ते खिडकीकडं बघत होते. दिवस मावळला होता, आणि ते तो उगवायची वाट बघत होते!

तुला आपल्या घरातलं माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर तुझे काका जेवत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. आणि पाणी प्यायचं तेही घरचं, गाळलेलं, उकळलेलं. हे व्रत त्यांनी लग्नाआधीपासून पाळलंय. त्याला मी नावं ठेवणार नाही, मीही त्याच घरात म्हातारी झाले. पण व्रताला जी दुसरी बाजू असते, उजेडात पोटभर पाणी पिऊन घ्यायची, ती आम्ही विसरलो होतो.

आमच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी चालली होती. मांडवाखाली दिवसभर हात वर करून द्राक्षाच्या काड्या कापायच्या. ऊन असं की कात्री हातात धरवत नव्हती. घरनं नेलेली किटली दुपारच्या आतच संपायची. शेजारी विहीर भरलेली, पण तिचं पाणी उकळलेलं नाही, म्हणून तोंडाला लावायचं नाही. घरी येईस्तोवर दिवस बुडालेला. मग रात्र तशीच जायची. कमरेत कळ आली. त्यांना वाटलं, छाटणीनं कंबर धरली. मेडिकलमधल्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळी एक, दुपारी एक. बरं वाटायचं, परत कात्री हातात.

मग लघवी कमी झाली, चहासारखी दिसायला लागली. मला सांगितलंच नाही. जेवण नको, उलटीसारखं होतंय म्हणाले. मी म्हटलं, ऊन बाधलं.

ओळखलं कुणी, तर बशीरभाईंनी. ते द्राक्षाच्या पेट्यांचे व्यापारी, आमच्या घरचेच म्हण ना. हिशेबाला म्हणून आले आणि काकांचं तोंड बघून उंबऱ्यातच थांबले.

"वैनी, अण्णांचं तोंड सुजलंय. पायबी बघा."

"काय न्हाई रं, ऊन लागलंय," काका म्हणाले.

"उनानं माणूस वाळतंय अण्णा, फुगत न्हाई. उठा, गाडी हाय दारात." आणि गाडीत बसवताना म्हणाले, "माझा रोजा वर्षातनं एक महिना. तुमचा बारा महिने, त्योबी छाटणी करत!"

काका हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

दवाखान्यात रक्त घेतलं. सोनोग्राफीला पाठवलं. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, पाणी पिऊन बसा. लघवीची पिशवी भरल्याशिवाय पोटातलं नीट दिसत नाही." मी घरनं आणलेली उकळलेल्या पाण्याची बाटली पुढं केली. काकांनी घड्याळ बघितलं, बाहेर बघितलं, आणि बाटली माझ्या पिशवीत परत ठेवली.

"आवं, घोटभर तरी."

"दिवस बुडाला."

मला रडू यायला लागलं. भांडावं तरी कुणाशी? त्या माणसानं तसंच मशीन लावलं. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन लय वाढलेलं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठलाय त्याचं माप. मॅडम म्हणाल्या, "मुतखडा आहे, पण बारीक. त्यानं वाट अडवलेली नाही. घात केलाय तो कमी पाण्यानं आणि त्या गोळ्यांनी. अंगात पाणी नसताना दुखण्याच्या गोळ्या घेतल्या की किडनी जळते." त्यापुढं ते डायलिसिसचं बोलल्या.

सलाईन लावायला सिस्टर आल्या, तर काकांनी हात मागं घेतला. "शिरंतनं गेलेलं पाणी प्यायल्यात धरायचं का?"

मॅडम रागावतील असं वाटलं. त्या स्टूल ओढून बसल्या. "आजोबा, तुमचा नेम मला मोडायचा नाही. पण तो पाळायला तुम्ही पाहिजे ना?"

मी म्हटलं, "तोंड मिटून ठेवा. तोंड मिटलेलं आहे तोवर तुमचा नेम शाबूत. हात सोडा इकडं!"

बशीरभाई पायाशी उभे होते. म्हणाले, "अण्णा, वैनींनी निकाल दिला. आता अपील न्हाई."

हात पुढं आला.

खाटेखाली एक पिशवी लटकवली होती, लघवीची नळी तिच्यात सोडलेली. कॅथेटर म्हणतात त्या नळीला. माझं सगळं आयुष्य त्या रिकाम्या पिशवीत येऊन बसलं होतं. झोप कुठली! देवाचं नाव घ्यायचं आणि पिशवीकडं बघायचं. नळीत एक थेंब अडकलेला दिसायचा. तो पुढं सरकायचा नाही.

उजाडलं तेव्हा सिस्टरनी पडदा सरकवला. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, बघा." पिशवीच्या तळाशी गढूळ, पिवळं, ओंजळभर. सुजू, देवापुढं तीर्थ बघावं तसं मी ते बघितलं. हसू नकोस.

काकांनी डोळे उघडले. "उगवला का?"

"उगवला."

"मग दे पाणी."

डायलिसिस टळलं. क्रिएटिनिन उतरायला वेळ लागला, दवाखान्याच्या सारख्या फेऱ्या झाल्या, पण उतरलं.

घरी सोडताना मी विचारलं, धन्याचं पाणी दिलं तर चालेल का? माझी आई उन्हाळ्यात रोज करायची. मॅडम म्हणाल्या, "धन्यानं खडा विरघळत नाही, हे आधी डोक्यातनं काढा. पण चवीच्या निमित्तानं दिवसभर पाणी पोटात जात असेल, तर जरूर करा. उजेडात पुरेल एवढं प्यायला लावा." तेव्हापासून रोज करते. धने आणि थोडं जिरं जाडसर कुटायचं, पाण्यात चांगलं उकळायचं, गार झालं की फडक्यातनं गाळायचं. साखर नको, मीठ नको. उकळलेलं, गाळलेलं, म्हणजे नेमातही बसतं. आता रानात एका किटलीच्या जागी मोठा जार जातो, आणि कळ आली तर गोळी नाही, दवाखाना. काकांना लघवीला जळजळ व्हायची ती कमी झाली, तोंडाला कोरड पडत नाही, उन्हात डोकं चढत नाही. पण ज्यांची किडनी आधीच दुबळी आहे, पाय सुजतात, त्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरलाच विचारा. माझं ऐकून तांबे रिचवू नका.

बशीरभाई मधनं मधनं येऊन जार उचलून बघतात. पाणी उरलेलं दिसलं की म्हणतात, "अण्णा, पेपर कोरा ठेवलाय, नापास!"

तर आता तुझं. त्या गोळ्या आज कचऱ्यात टाक आणि या रविवारी ये. मॅडमना मी सांगून ठेवलंय, सोमवारी सकाळी तुझी सोनोग्राफी करून घेऊ. गाडीत बाटली जवळ ठेव, वाटेतलं मायणी गाव यायच्या आत रिकामी झाली पाहिजे. आणि उशीर करू नकोस गं. दिवस मावळायच्या आत पोच. शेवटचा पेला तुझ्यासंगं प्यायचा म्हणून काका ओट्यावर बसून राहतील, आणि तू आली नाहीस तर तसेच, न पिता उठतील.