बाईंचा आवाज

आठवीत मी पुण्यात आले. बाबांना चाकणच्या कंपनीत नोकरी लागली आणि यवतमाळजवळचं गाव सोडून आम्ही कसबा पेठेत दोन खोल्यांत राहायला लागलो. शाळा नारायण पेठेतली, फक्त मुलींची. मी तोंड उघडलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राहिली’ ऐकायला म्हणून मुली मुद्दाम प्रश्न विचारायच्या.

रडणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी ऐकायला लागले. मुख्याध्यापिका बाई आम्हाला मराठी शिकवायच्या. त्यांचा प्रत्येक शब्द इस्त्री करून आल्यासारखा. मग तसंच बोलायचं, असं मी ठरवलं आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बाई होऊन उभी राहायला लागले. आई पोळ्या लाटता लाटता हसून बेजार व्हायची. “अवं पोरी, तुयी बाई तं मले घरातच दिसून राहिली!”

नववीची परीक्षा संपली त्या दिवशी दुपारी सभागृहात कार्यक्रम होता. वर्ष संपल्याचा आनंद साजरा करायचा, तोही सगळा मुलींनीच, अशी शाळेची पद्धत. सजावट आमची, निवेदन आमचं, वेफर्स आणि सामोसेही आम्हीच वाटायचे. शिक्षिका फक्त पाहुण्या. ऐन वेळी एका नाचातल्या मुलीचा पाय जिन्यात मुरगळला आणि तो नाच रद्द झाला. आमची मॉनिटर धावतच माझ्याकडे आली.

“तू डब्याच्या सुट्टीत बाईंचा आवाज काढतेस ना? जा, काढ.”

“वेडी का? बाई पहिल्या रांगेत बसल्यात.”

“मग तर काढच,” म्हणाली आणि तिने माझ्या हातात माइक दिला.

भीती वाटली, पण ती पायऱ्या चढेपर्यंतच. समोर आख्खं सभागृह दिसलं आणि मला एकदम कळलं, की हे मला येतं. मी पदर सारखा केल्यासारखं केलं, मान किंचित तिरकी केली आणि दारात कुणी उशिरा आलेली मुलगी उभी असावी तसं पाहिलं.

“या. आपलीच वाट पाहत होतो. आता शाळा सुरू करायची का?”

सभागृहात हशा उसळला. मग एकेक करून सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई हसत नव्हत्या. हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होत्या.

इथे थांबून खाली उतरता आलं असतं. मी उतरले नाही. म्हटलं, “आता बाई आणि एक नवीन मुलगी.” दोन पावलं बाजूला सरकले आणि माझी मीच झाले. आठवीतली, पहिल्या दिवशीची.

“मी कोठी बसू जी?”

पुन्हा बाई. “कोठीत धान्य ठेवतात. मुली बाकावर बसतात.”

सभागृह पुन्हा हसलं. हे खरंच घडलं होतं. वर्ग तेव्हाही असाच हसला होता. पण त्या दिवशी मी मान खाली घालून बसले होते, आणि आज माझं बोलणं संपलं नव्हतं.

“पण बाकावर जागा कोठी हाय जी? साऱ्या पोरी तं दप्तरं ठेवून राहिल्या!”

टाळ्या वाजल्या, शिट्ट्याही वाजल्या. मुलींच्या शाळेत शिट्ट्या! बाई उठल्या, तेव्हा मात्र सगळं चिडीचूप झालं. त्या मंचावर आल्या. मी माइक पुढे केला.

“आवाज बरा काढलास,” त्या म्हणाल्या. “मी इतकी हळू बोलत नाही, पण ते असो. कोठीचं माझ्या लक्षात आहे. मी फार छान विनोद केला, असं तेव्हा मला वाटलं होतं. छान नव्हता. तुझं उत्तर त्याहून चांगलं आहे. हे उत्तर तू त्याच दिवशी द्यायला हवं होतंस.”

“त्या दिवशी येत नव्हतं, बाई.”

“आता येतं. मग पुढच्या वर्षी गॅदरिंगचं निवेदन तू करशील. दोन्हीकडच्या भाषेत कर. माझी परवानगी आहे, आणि परवानगी मी रोज देत नाही.”

तेव्हा त्या हसल्या. शाळेत बाईंचे दात पाहिल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही पाच-सहा जणी नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुल्फी खायला गेलो. एप्रिलचं ऊन, हातावरून कोपरापर्यंत ओघळणारी कुल्फी, आणि डोक्यात अभ्यासाचा एक शब्द नाही. मॉनिटर म्हणाली, “मलाही शिकव ना तुझं बोलणं.”

“आधी म्हण, मले कुल्फी पायजे.”

तिने म्हटलं. इतकं जपून, इतकं शुद्ध, की ते वऱ्हाडी राहिलंच नाही. मी पोट धरून हसले. तीही हसली, आणि पुन्हा म्हणून बघायला लागली.