अँब्युलन्समधल्या पोरीनं विचारलं ते

रायपूर राजधानी झाल्यावर फोन केला की अँब्युलन्स घरी येऊ लागली. बायकोच्या छातीत दुखलं तेव्हा तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या दारीबी आली. संग एक पोरगी होती. छातीला लावायची नळी ती आधी तळहातावर घासून गरम करायची.

गाडीत तिनं मले विचारलं, "बाबा, अम्मा कौन सी दवाई लेती हैं?"

मले माहीत नव्हतं.

"पहले कभी ऐसा दर्द हुआ?"

"कभी नहीं," मी ठासून सांगितलं.

तिनं ते कागदावर लिहिलंच नाही. बायकोच्या कानाशी वाकून म्हणाली, "अम्मा, आप बताओ. कब से है?"

बायको हळूच बोलली, "महिना झाला. जिना चढला की दुखते."

मी खेकसलो, "मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही कधी विचारलं?"

"बाबा, अभी डाँटो मत," पोरगी म्हणाली. तिले नवल नाही वाटलं. असे नवरे तिले रोजच भेटत असतील.

 बायको घरी आली का सारं सावकाश विचारीन, असं मी ठरवलं. ती घरी आलीच नाही.