नळीची कड

कशालाही हात लावायचा झाला की मिस्त्री आधी उलटा हात लावायचे. बॉनेटला, सायलेन्सरला, चहाच्या ग्लासाला, कोणाच्या तापलेल्या पोराच्या कपाळालासुद्धा. "तळवा मेलेला असतो रे डायवर, पाने फिरवून फिरवून. उलट्या हाताला खरं कळतं," म्हणायचे.

मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाताना डाव्या हाताला पत्र्याची एक शेड होती, तेच त्यांचं गॅरेज. तुमच्यापैकी कोणी त्या काळात त्या रस्त्याने माळशेजला गेलं असेल, तर उकिडवा बसून, डोळे मिटून, कोणाच्या तरी इंजिनाचा आवाज ऐकणारा एक सडपातळ माणूस त्यांनी पाहिला असेल. तेच ते.

मी तेव्हा एका धर्मादाय दवाखान्याची अँब्युलन्स चालवत होतो. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने भेट दिलेली जुनी गाडी. तिला क्लच नव्हता, गिअर आपले आपण बदलायचे. पाड्यांवरची माणसं वाकून माझ्या पायांकडे बघायची आणि विचारायची, "एक पाय रिकामाच ठेवतोस काय रे?" सपाटीला गाडी सुरेख चालायची. डोळखांबकडचे चढ लागले की मात्र गिअरबॉक्समधलं लाल तेल तापून करपायचं. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मग तेल निवेपर्यंत थांबायचं, मागे पेशंट कण्हत असताना.

कल्याणच्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं, विकून टाका. मिस्त्रींनी असला गिअरबॉक्स आयुष्यात पाहिला नव्हता. दोन दिवस ते गाडीखाली पडून राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "हिचं तेल रेडिएटरमधे जाऊन निवतं नि परत येतं. पन रेडिएटरच तापला तर ते कसं निवंल? हिला अजून एक कूलर पायजे. पुढं, वाऱ्यावर."

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्यांनी ताटाएवढा कूलर शोधून आणला आणि रेडिएटरच्या पुढे बसवला. मला इंजिन चालू करायला लावलं आणि तेलाच्या दोन्ही नळ्या हाताने चाचपल्या. "ही जायाची, ही परतीची." परतीची नळी कापली आणि रबरी होजने तिच्यामध्ये कूलर जोडला. म्हणजे तेल आधी रेडिएटरमधून, मग कूलरमधून, आणि मगच गिअरबॉक्समध्ये.

होज सटकू नये म्हणून लोखंडी नळीच्या टोकाला बारीक कड उठवावी लागते, बांगडीसारखी. कापलेल्या एका टोकाला त्यांनी ती उठवली. दुसरं टोक चॅसीला इतकं चिकटून होतं की हत्यार आत जाईना. अख्खी नळी उतरवावी लागली असती, अजून एक दिवस गेला असता. पाड्यांवरून निरोप येऊन पडले होते. मी घाई करत होतो.

"दोन क्लिपा मारल्यात," ते म्हणाले. "काय होत नाय."

दोन महिने खरंच काही झालं नाही. चढ चढून आलो की मिस्त्री गिअरबॉक्सला हात लावायचे आणि लहान मुलासारखे हसायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरून एक अडलेली बाई घेतली. रक्त जात होतं. सोबत नवरा आणि सासू. तीनेक वर्षांची मुलगी शेजारणीच्या कडेवर रडत मागे राहिली. दुसऱ्या चढाला गाडी धूर सोडत थांबली. मी खाली वाकून पाहिलं. लाल तेल रस्त्यावरून उताराला वाहत होतं. होज लोंबत होती. दोन्ही क्लिपा जशाच्या तशा घट्ट, फक्त नळीवरून होज निसटली होती.

तासाभराने एक जीप मिळाली. दवाखान्याच्या अलीकडेच बाई गेली, पोटातल्या मुलासकट. डॉक्टर म्हणाले, वेळेवर पोचली असती तरी सांगता आलं नसतं.

मिस्त्री गाडी जिथे उभी होती तिथे आले, खाली शिरले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. मी हाक मारली. "माझी चूक हाय," खालून आवाज आला.

"घाई मी केली, मिस्त्री."

"घाई तू केलीस. पन नळी माझ्या हातात होती."

त्यांनी अख्खी नळी उतरवली, कड उठवली आणि पुन्हा जोडली. गाडी भंगारात जाईपर्यंत त्या जोडातून तेलाचा थेंब गळला नाही.

बाराव्यानंतर ते मला घेऊन त्या पाड्यावर गेले. नवऱ्यासमोर उभं राहून, दोन बोटांची नळी करून, त्यांनी काय चुकलं ते सगळं सांगितलं. तो माणूस म्हणाला, "गाडी आली तरी. माजे आयशीच्या येळंला तर डोलीच होती." दाराआडून ती पोर आमच्याकडे बघत होती. तिच्या अंगावर मोठ्या बाईचं झंपर होतं, गुडघ्यांपर्यंत आलेलं.

परतताना मिस्त्री एवढंच बोलले, "हे कोनाला सांगू नको. माझ्या घरी पन नको." मी शब्द दिला. त्यानंतर "काय होत नाय" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आठ वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन मिस्त्री गेले. मी तोवर शहापूरला नोकरीला लागलो होतो, मला उशिरा कळलं. पाचव्या दिवशी वैशाखऱ्याला त्यांच्या घरी गेलो. यापूर्वी तिथे कितीदा तरी जाऊन बसलो होतो. वहिनी कप ठेवायच्या आणि आत जायच्या, नवऱ्याशीही एक शब्द न बोलता. मला वाटायचं, स्वभावच असेल.

त्या दिवशी त्या समोर बसल्या. "भाऊ, एक विचारू? डोळखांबला यांचं कोन होतं?"

"डोळखांबला?" मी विचारलं.

"दर साली मे महिन्यात एक दिवस जायचे. कुठं ते सांगायचे नाय. यष्टीचं तिकीट सापडायचं खिशात. एकदा पिशवीत फ्रॉक दिसला, नवा. पुढल्या साली त्याच्याहून मोठा. आमाला तर दोन्ही मुलगेच." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मी काय समजायचं ते समजले. भांडले नाय. पोरं लहान होती."

मिस्त्री तिथे दर वर्षी जात होते, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी वहिनींना सगळं सांगितलं. कूलर, कापलेली नळी, न उठवलेली कड, ती बाई, ती मुलगी. सांगून झाल्यावर त्या भिंतीवरच्या मिस्त्रींच्या फोटोकडे नाही, माझ्याकडेच बघत राहिल्या.

"कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाय," त्या म्हणाल्या. "तुमी इतक्यांदा आलात, इथं बसून चहा प्यायलात. एकदा तरी मला सांगायचं होतं, भाऊ."