शनिवारची भिंत

मार्थामावशीने आमच्या शनिवारच्या सिनेमांपैकी एकही शेवटपर्यंत पाहिलेला नाही. सिनेमे तिच्याच घरी होतात, तिच्याच भिंतीवर, आणि कपातला चहा निवायच्या आत संपतात. तरीही ती खुर्चीत टेकली की मान एका बाजूला कलायची आणि अर्धवट सोललेला लसूण तसाच मांडीवर राहायचा. तिला कुणी उठवत नसे.

भिंगारला आमच्या ओळीत तिचं घर शेवटचं. ओळीतली एकुलती एक मोकळी भिंत तिच्याकडे आहे. पूर्वी तिच्यावर लग्नाचा फोटो होता, मुलाचा, रॉबिनचा, पदवीचा फोटो होता, बायबलच्या वचनांचं कॅलेंडर होतं. तिच्या नवऱ्याला, सॅमसनकाकांना, विसरण्याचा आजार जडला, आणि काही महिन्यांनी फोटोतली माणसं त्यांना घरी आलेले पाहुणे वाटू लागली. ‘किती वेळ उभे आहेत ते, चहा दे त्यांना’ म्हणून ते मावशीच्या मागे लागत. चहा दिला तरी पाहुणे पीत नसत, मग काका चिडत. मावशीने एकेक करून सगळं उतरवलं. खिळेसुद्धा काढले.

मला त्या भिंतीची गरज पडली ती चर्चच्या प्रोजेक्टरमुळे. रविवारच्या उपासनेत गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवायचं काम माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी शब्द तपासून घ्यावे लागतात, नाहीतर वेलांट्या उडतात आणि पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहतात. आमच्या घरात चारही भिंतींना कपाटं. म्हणून मी प्रोजेक्टर घेऊन मावशीकडे जाऊ लागले.

काका तेव्हा टीव्हीला घाबरायचे. मालिका लागली की विचारायचे, “हा कोण? मघाची ती कुठं गेली? ही का रडते?” मावशी सांगायची, ते पुन्हा विचारायचे, ती पुन्हा सांगायची. घरातल्या सगळ्यांना कळतंय आणि आपल्यालाच कळत नाही, हे मात्र त्यांना बरोबर कळायचं. मग ते उठून मीटरच्या बोर्डाकडे जायचे. लष्कराच्या एमईएस खात्यात त्यांनी वायरमन म्हणून नोकरी केली होती. मेन स्विच खाली ओढला की सगळी माणसं एकदम गप्प होतात, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. टेस्टर अजूनही त्यांच्या खिशाला असतो. त्याच्या आतला दिवा मावशीने काढून ठेवलाय, म्हणजे काका सगळ्या घराला तो लावून बघतात आणि कुठंच करंट नाही म्हणून निश्चिंत होतात.

एका शनिवारी गाण्यांचे शब्द तपासून झाले आणि प्रोजेक्टरला जोडलेल्या माझ्या मोबाईलवर आपोआप पुढचं काहीतरी सुरू झालं. कुठल्या देशातला लघुपट होता कोण जाणे. नांगरलेल्या कोरड्या शेतात एक माणूस होडी वल्हवत होता. वल्हं ढेकळांत बुडायचं, आणि होडी जिथून जाईल तिथली माती मागे ओली दिसायची. बोलणं काहीच नव्हतं. शेजारचे हनुमंतमामा दूध घालायला आले होते, ते दारातच थांबले.

“आयला, पानी न्हाई तर होडी कशापायी आनली यानं?”

“मामा, मला नाही माहीत.”

“मग तुला ठावं न्हाई, तर आमाला दावती कशाला?”

मी बंद करणार, तेवढ्यात काका म्हणाले, “चाललाय तो. चालू द्या.”

त्यांनी ‘हा कोण’ विचारलं नाही. या वेळी प्रश्न हनुमंतमामांना पडले होते, काका शांत बसले होते. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भिंतीकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. मग तिथेच चौकटीला डोकं टेकून तिला झोप लागली.

तेव्हापासून दर शनिवारी मी असले छोटे सिनेमे शोधून आणते. एका गावातले लोक संध्याकाळी आपापल्या सावल्या दोरीवर वाळत घालतात आणि सकाळी चुकून दुसऱ्याची घालून जातात. एका म्हातारीला चुलीत खाली उतरणारा जिना सापडतो आणि तळाशी आभाळ लागतं. अट एकच, गोष्ट नको. गोष्ट सुरू झाली की काका मागे पडतात.

आमच्याकडे घरसभेला, म्हणजे घरातल्या प्रार्थनेला, खुर्च्या मांडतात तशाच अर्धगोलात मांडतो. घरसभेला येणाऱ्या सत्यशीलाबाई सिनेमालाही येऊ लागल्या. त्यांनी पुष्कळ वर्षं चर्चमध्ये मुलांचा रविवारचा वर्ग घेतला. सिनेमा संपला की त्या सवयीने विचारतात, “तर ह्यातून आपण काय शिकलो?”

“सावली घरातच वाळत घालावी,” असं एकदा हनुमंतमामांनी सांगितलं.

“जेनी, तू एम.ए. केलंस ते ह्यासाठी?” सत्यशीलाबाई मला म्हणाल्या. पण पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

मावशी मूळची राहुरीकडची. लग्न होऊन भिंगारला आली आणि रॉबिन बालवाडीत जायला लागल्यावर नगरच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. नेहमी रात्रपाळी, कारण दिवसा घर बघता यायचं. नवजात मुलांना पायांवर घेऊन न्हाऊ घालण्यात तिचा हात असा होता की पोरं रडायची विसरायची. लोक अजून रस्त्यात थांबवून सांगतात, हा बघा मावशी, तुम्ही न्हाऊ घातलेला. ती त्या दाढीवाल्या मुलाकडे बघून हसते आणि पुढे गेल्यावर मला म्हणते, “कोण होता कोण जाणे.” दवाखाना सुटला तेव्हा ती म्हणाली होती की आता एक वर्ष नुसती झोपणार. त्याच वर्षी काका पहिल्यांदा बाजारातून येताना वाट चुकले.

रात्री झोपताना ती पदराचं टोक काकांच्या शर्टाच्या काजात अडकवून गाठ मारते. ते उठले की पदर ओढला जातो आणि ती जागी होते. अशा झोपेला झोप म्हणत नाहीत हे तिलाही माहीत आहे.

रॉबिन रांजणगावला एका कंपनीत असतो. जानेवारीतल्या एका शनिवारी तो येणार होता. पुण्याच्या अलीकडे अशा आजाराच्या माणसांसाठी एक संस्था आहे. तिथे त्याने वडिलांसाठी जागा धरून ठेवली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मावशीने त्याला फोनवर हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, “हो म्हणायला तोंड उघडत नाही बाई. आणि नाही म्हणायला अंगात जोर नाही.”

रॉबिन चार वाजता माळीवाड्याच्या बसस्टँडवरून रिक्षाने आला. बरोबर चाकांची नवीकोरी मोठी बॅग होती. ती त्याने दाराशी उभी केली.

“कोण गावाला चाललंय?” काकांनी विचारलं.

मावशी चहाचं आधण ठेवायला आत गेली. लांब लष्कराच्या सरावाच्या रेंजवर तोफ उडाली आणि खिडकीची काच थरथरली.

चहा झाल्यावर रॉबिन स्वयंपाकघरात मावशीजवळ जाऊन बसला. मी बाहेर प्रोजेक्टरची वायर सोडवत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“मम्मी, चांगली जागा आहे. डॉक्टर येतात. बाग आहे.”

“संध्याकाळी काय करतात तिथं?”

“मोठा टीव्ही आहे ना हॉलमध्ये. सगळे बसतात एकत्र.”

“टीव्हीवर गोष्ट असते रे.”

“म्हणजे?”

मावशीने समजावलं नाही. कुकरची शिट्टी होऊ दिली.

“मम्मी, तू स्वतःला आरशात बघितलंस का?”

“आरसा काढून ठेवलाय. आतल्या माणसाशी भांडतात.”

रॉबिन हसला नाही. रडला असावा, कारण थोड्या वेळाने त्याने तोंड धुतल्याचा आवाज आला. त्याचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. वडिलांना नेल्याशिवाय आई वाचणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि आईकडे बघितलं की कुणालाही ते पटलं असतं.

सात वाजता खुर्च्या मांडल्या. सत्यशीलाबाई आल्या, रॉबिनला जय ख्रिस्त करून त्याच्या शेजारी बसल्या. हनुमंतमामा उंबऱ्यावर. त्या दिवशीच्या सिनेमात एक बाई होती आणि एक विहीर. बाई रहाटाने बादली ओढून वर आणते. बादलीतून एकदा बूट निघतो, एकदा पेटलेला कंदील, एकदा झोपलेलं मांजर. बाईला कशाचंच नवल वाटत नाही. ती बादली अंगणात रिकामी करते आणि पुन्हा सोडते. अंगण भरत जातं. शेवटच्या बादलीत पाणी येतं, ती तेही ओतून देते आणि पुन्हा बादली सोडते.

“बाई लई दमली बगा,” हनुमंतमामा म्हणाले. “कुनी तरी रहाट धरा की तिचा.”

काका पुढे वाकून बघत होते. मावशी नेहमीसारखी झोपली होती. भिंत पांढरी झाली, मी दिवा लावला, त्या उजेडाने ती दचकून जागी झाली आणि आधी तिने पदराचं टोक चाचपलं.

सत्यशीलाबाई सुरू करणार होत्या, पण काका मावशीकडे वळले. तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून आदराने म्हणाले, “बाई, फार दमलात तुम्ही. पुष्कळ झालं आता. घरी जा.”

“पप्पा,” रॉबिन म्हणाला, “मम्मी आहे ती.”

“तुमच्या घरचे वाट बघत असतील,” काका मावशीला म्हणाले.

“पप्पा, मार्था! तुमची बायको! हे तिचंच घर आहे!”

काकांचा चेहरा बदलला. आता पुन्हा खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं, त्यांनाच नाही. त्यांचा हात खिशातल्या टेस्टरकडे गेला आणि ते उठून मीटरच्या दिशेने निघाले.

मावशी उभी राहिली. “हो साहेब,” ती म्हणाली, “निघतेच मी.” दवाखान्यात डॉक्टरांशी बोलायचा तिचा आवाज असणार तो, मी कधी ऐकला नव्हता. दारामागची पर्स तिने खांद्याला लावली, चपला घातल्या, मांडीवरचा लसूण मुठीत तसाच होता. हनुमंतमामा उंबऱ्यावरून बाजूला झाले. काका दारापर्यंत तिला पोचवायला गेले.

“सांभाळून जा. रिक्षा मिळेल ना?”

“मिळेल, साहेब.”

ते परत येऊन खुर्चीत बसले. हात खिशातून बाहेर आला होता. रॉबिन आईच्या मागे जायला उठला. मी त्याला थांबवलं, कारण मावशी कुठे जाणार ते मला ठाऊक होतं. आमच्या ओळीच्या मागे नळ आहे आणि तिथून तिच्या स्वयंपाकघराचं दार. नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ चालू राहिला, मग बंद झाला.

मावशी मागच्या दाराने आत आली. तोंड धुतलेलं, पदर खोचलेला, पर्स कुठेतरी ठेवून दिलेली.

“आलीस होय मार्था?” काका म्हणाले. “कुठं होतीस इतका वेळ?”

“लसूण आणायला गेले होते.” तिने मूठ उघडून दाखवली.

“इथं एक बाई होत्या. फार दमलेल्या. मी घरी पाठवलं त्यांना.”

“बरं केलंत.”

“रोज येतात का गं त्या?”

“रोज.”

“रविवारी पण?”

“रविवारी पण.”

काकांना ते आवडलं नाही. “असं करू नये मार्था. आम्हालासुद्धा आठवड्याची सुट्टी असायची. त्या बाईंना सुट्टी दे.”

मावशीने लसणाची मूठ मिटली. ती रॉबिनकडे बघत होती. इतक्या दिवसांत तिला जे मागता आलं नव्हतं, ते दुसऱ्या कुणासाठी मागितलं जात होतं, आणि मागणाराही तिचाच माणूस होता.

“देऊ, पप्पा,” शेवटी रॉबिन म्हणाला. “सुट्टी देऊ त्यांना.”

“नुसतं देऊ म्हणून कसं चालेल? बदली माणूस लागतो. लाईनवर माणूस नसला तर काम कुणी बघायचं?”

“मी येतो बदलीवर.”

काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “नवीन दिसताय,” ते म्हणाले. “हळूहळू जमेल.”

सत्यशीलाबाईंनी त्या दिवशी काय शिकलो ते विचारलं नाही. पिशवीतला रुमाल काढून चष्मा पुसत बसल्या.

सोमवारी रॉबिनने जागा सोडली, पण संस्थेत नाव ठेवून दिलं. चाकांची बॅग मावशीच्या पलंगाखाली आहे. त्याने साप्ताहिक सुट्टी बदलून रविवारची घेतली, आणि आता तो शनिवारी दुपारी येतो नि रविवारी रात्रीच्या बसने जातो. हे किती दिवस जमेल कुणालाच माहीत नाही. काकांचं खाणं कमी झालंय. रॉबिनच्या बायकोला सातवा महिना आहे. बाकीचे दिवस मावशीचेच आहेत.

शनिवारी खुर्च्या मांडून झाल्या की मावशी पर्स खांद्याला लावते, काकांचा निरोप घेते आणि ओळीतून चालत आमच्या घरी येते. भिंतीवर काहीतरी अतर्क्य चाललेलं असतं, आणि काका मध्येच विचारतात, “त्या बाई आल्या नाहीत आज?” रॉबिन सांगतो, “सुट्टीवर आहेत.” काका मान डोलावतात.

एकदा वायर विसरली म्हणून मी घरी परत आले. मावशी माझ्या पलंगावर चपला न काढताच झोपली होती. तिचा हात झोपेत पदराचं टोक धरून हळूच ओढत होता. पलीकडे काहीच नव्हतं, पदर सरळ तिच्याकडे येत गेला. तिने आणखी एकदा ओढून बघितलं. मग हात सैल पडला.