नारळ ज्याच्या हातात, तो कप्तान

ठाण्यातल्या अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्या संघाचा कप्तान कोण, असं कळव्यात कुणालाही विचारा. हर्षित केणीचं नाव सांगतील, वर त्याचा फोटोही दाखवतील. ते खोटं आहे. कप्तान होता राजरत्न कासारे, आणि हे त्या संघातल्या प्रत्येकाला माहीत आहे. बोलत कुणी नाही.

राजरत्न मूळचा कबड्डीचा गडी. कळव्याच्या चाळीत वाढला, माजिवड्याच्या एका गोदामात सुपरवायझरची नोकरी करायचा आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानात चढाया मारायचा. अंग फार मोठं नव्हतं, पण समोरचा कुठल्या पायावर भार देतोय हे त्याला आधी कळायचं. डोंबिवलीचा साकेत त्याला तिथेच भेटला. साकेत इंजिनियर, काही वर्षं ओहायोत राहून परत आलेला, येताना त्या खेळाचं वेड आणि एक लांबुळका चेंडू घेऊन आला. अंगावर माणूस आला तर घाबरणार नाहीत अशी पोरं कुठे मिळतील याचा विचार करत तो थेट कबड्डीच्या मैदानावर पोचला, आणि तेवढी एक अक्कल त्याला नक्कीच होती.

पहिले काही दिवस सगळे हसले. ज्याला पाय लागत नाही त्याला फुटबॉल का म्हणायचं, यावरच तासभर वाद चालायचा. पण पोरं रुळली. त्या खेळात मागे उभा राहून चेंडू हातात घेणारा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा एक जण असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. ते काम राजरत्नकडे आलं. कप्तान निवडायची वेळ आली तेव्हा हात वर करून निवड झाली, आणि पहिला हात हर्षितचा होता.

हर्षित त्याचा जिवलग. केण्यांची एकेकाळी खाडीकाठी मिठागरं आणि भातशेती, आता त्याच जमिनीवर टॉवर. मंडळ चालायचं ते हर्षितच्या काकांच्या, गोपीनाथशेठच्या जोरावर. पण हर्षितच्या वागण्यात शेठपणा नव्हता. राजरत्नच्या आईच्या, जाईबाईच्या, हातची सुकटीची चटणी तो चाळीत मांडी घालून खायचा. राजरत्न फेकणार आणि हर्षित पकडून पळणार, अशी ती जोडी होती.

सरावाच्या मधल्या सुट्टीत साकेत गोष्टी सांगायचा. अमेरिकेतही हा धंदा मोठ्या शहरांत सुरू झाला नाही म्हणे. टायरचे, पोलादाचे कारखाने असलेली लहान गावं, त्यांचे संघ, रविवारी सामना आणि त्यावर मिळेल ती बिदागी. पहिली लीग उभी राहिली ती एका मोटारींच्या शोरूममध्ये. खुर्च्या पुरेनात म्हणून मालक लोक गाड्यांच्या पायरीवर बसले होते. पहिला विजेता ठरला ॲक्रन नावाच्या टायरवाल्या गावाचा संघ. त्यांचा हुकमी खेळाडू फ्रिट्झ पोलार्ड, कृष्णवर्णीय. पुढच्या वर्षी तर त्याने संघाला शिकवायचं कामही केलं. पण त्या गावात त्याला बाकीच्यांबरोबर कपडे बदलता यायचे नाहीत. मालकाच्या सिगारच्या कारखान्यात तयार व्हायचा आणि सामना सुरू होता होता मैदानात यायचा. पुढे बाराएक वर्षं कृष्णवर्णीयांना त्या लीगचं दारच बंद झालं.

साकेत म्हणाला, "गंमत म्हणजे असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता."

"मग सगळ्यांना कळलं कसं?" राजरत्नने विचारलं.

साकेतने घड्याळ बघितलं, चला, सुट्टी संपली म्हणाला. बाकीची पोरं वडापाव खात होती.

पहिली स्पर्धा झाली ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि भिवंडी यांच्यात. अंतिम सामना कल्याणला, कल्याणच्याच संघाशी. शेवटच्या डावात राजरत्नने चेंडू डावीकडे देतोय असं दाखवलं, अख्खं कल्याण डावीकडे धावलं, आणि चेंडू गेला उजवीकडे हर्षितच्या छातीवर. कळव्याच्या पोरांनी करंडक टेम्पोत घालून वाजतगाजत आणला.

आता मंडळाची एक रीत होती. कुठलाही करंडक आला की आधी गावदेवीपुढे न्यायचा. कप्तानाने पायरीवर नारळ फोडायचा, मग फोटो, मग पेढे. कबड्डीचे सगळे करंडक याच वाटेने गेलेले. राजरत्न त्या मंडळात वर्षानुवर्षं कबड्डी खेळला होता, पण कप्तान कधी नव्हता, त्यामुळे हा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा लावलेल्या. तो नारळ फोडणारा नव्हता. कुणाचं मन न दुखवता नाही कसं म्हणायचं, याची तो उपांत्य सामन्यापासून मनात उजळणी करत होता.

गोपीनाथशेठने नारळ राजरत्नपुढेच धरला. तेवढं खरं ते सांगायला हवं. राजरत्नने तो घेतला आणि शेजारी उभ्या हर्षितच्या हातात दिला.

"मी नाय फोडत रे. माझ्या वतीने तू फोड."

"अरे, कप्तान तू आहेस ना," हर्षित म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय."

कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट गोपीनाथशेठने त्याची पाठ थोपटली, पोरगा समंजस आहे म्हणाले. सगळे पायऱ्या चढून गेले. राजरत्न खाली टेम्पोपाशी संघाची हेल्मेटं सांभाळत थांबला. वर हर्षितने नारळ फोडला, एका हातात करंडक, दुसऱ्यात नारळाची भकलं, आणि फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी कळवा नाक्यावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाला गावातलाच. नारळ ज्याच्या हातात तो कप्तान, हे त्याला कुणाला विचारायची गरजच नव्हती. त्याने त्या फोटोखाली लिहून टाकलं, विजयी कप्तान हर्षित केणी. हर्षितचा लगेच फोन आला, गोंधळ झालाय, उतरवायला सांगतो. राजरत्न हसला. राहू दे, फ्लेक्सच तर आहे, म्हणाला. फ्लेक्स वारा फाडेपर्यंत राहिला.

मग पैसेवाले आले. मुंबईच्या काही लोकांना या खेळाची लीग काढायची होती, पगारी खेळाडूंची. बैठक ठेवली माजिवड्याच्या एका मोटरसायकलींच्या शोरूममध्ये. साकेतला तर इतिहास परत घडतोय असंच वाटलं, तो लहान पोरासारखा खुश होता. प्रत्येक शहराचा एक चेहरा ठरणार होता. तो कप्तान असणार, त्याच्याशी तीन वर्षांचा करार होणार, पुढे प्रशिक्षकाची जागाही त्यालाच मिळणार. राजरत्नने बायकोला, वैशालीला, सांगून ठेवलं होतं, करार झाला की गोदामाची नोकरी सोडतो. वैशाली पहिल्यांदाच त्याच्या खेळावर खुश झाली होती.

खुर्च्या इथेही पुरल्या नाहीत. राजरत्न मागे एका नव्या गाडीच्या सीटवर बसला. पुढे पडद्यावर गावदेवीच्या पायरीवरचा तो फोटो आला आणि सूट घातलेल्या माणसाने ठाण्याचा कप्तान म्हणून हर्षितचं नाव पुकारलं.

हर्षित उठला. एकदा मागे वळून बघितलं. गोपीनाथशेठ तिथे होते, साकेत होता, सगळा संघ होता. तोंड कुणी उघडलं नाही. आणि सांगायला जीव जड होतो, पण पहिली टाळी राजरत्ननेच वाजवली. त्याला वाटलं, हर्षित आता माईक हातात घेईल आणि सरळ काय ते सांगेल. हर्षितने माईक घेतला. गावदेवीचे आभार मानले, काकांचे मानले आणि खाली उतरला.

राजरत्न नंतर साकेतला गाठून बोलला. साकेतचं म्हणणं असं, की लीग अजून पाळण्यात आहे, केण्यांचा पाठिंबा गेला तर मैदानही जाईल, एक वर्ष तग धरू दे, मग दुरुस्त करू. पोलार्डची गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगणारा हा माणूस. शंभर वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रापारच्या अन्यायाची चीड येणं फार सोपं असतं, त्यासाठी गोपीनाथशेठशी वैर घ्यावं लागत नाही.

पहिल्या वर्षी राजरत्न राखीव खेळाडू होता. क्वार्टरबॅक बाहेरून आणला, तो हरला, पुढच्या वर्षी दुसरा आणला. दुसऱ्या वर्षीच्या संघात राजरत्न नव्हता. त्याला कुणी वाकडा शब्द बोललं नाही, भेटले की सगळे खांद्यावर हात टाकायचे. गोदामाची नोकरी सोडली नव्हती हे नशीब. हर्षितची पुढे अकादमी निघाली, कळव्यात आणि मग कल्याणला. चाळीत चटणी खायला तो परत आला नाही. जाईबाई काही दिवस विचारायची, मग तिनेही सोडून दिलं.

परवा त्या पहिल्या विजयाला दहा वर्षं झाली म्हणून सत्कार होता. वैशाली जाऊ नका म्हणाली. तरी राजरत्न गेला, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. त्या एका शब्दाची आशा त्याला अजून होती. निवेदिकेने पुकारलं, माजी खेळाडू राजरत्न कासारे. हर्षितने त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि श्रीफळ पुढे केलं. राजरत्नने हात पुढे केला नाही.

"त्या दिवशी नारळ तुझ्या हातात कुणी दिलेला?" त्याने हळूच विचारलं.

"तूच दिलेलास."

"मग एवढंच बोल ना माईकवर. बाकी काय नको."

हर्षितने खाली बघितलं. "आता कशाला रे. इतकी वर्षं झाली," म्हणाला, आणि नारळ त्याच्या हातात ठेवून पुढच्या माणसाकडे वळला. मागून फोटोवाला राजरत्नला जरा बाजूला व्हायला सांगत होता.

घरी आल्यावर वैशालीने नारळ बघितला आणि काय झालं ते तिला न सांगताच कळलं. तिच्या मनात कित्येक वर्षं असलेला प्रश्न तिने त्या संध्याकाळी विचारला. तेव्हा तुम्हीच फोडला असतात तर काय बिघडलं असतं?

राजरत्नने शाल काढून खुर्चीवर टाकली.

"फोडला नाय याचं मला काय वाटत नाय," तो म्हणाला. "पुन्हा वेळ आली तरी नाय फोडणार. कुणाच्या हातात दिला, त्याचं वाटतं."