जास्वंदीच्या लाल रंगाचं माप

रविवारी सकाळी देवपूजेला बसले, तर ताटातल्या सात जास्वंदींपैकी पाच गायब… नातीनं नेली होती. विचारून नेली म्हणा, पण माझं सगळं लक्ष तेव्हा गॅसवरच्या दुधाकडं.

ही आमची श्रुती. पुण्यात एम.एस्सी. करते, झाडाफुलांचंच शिक्षण. कॉलेजातून दोन दिवसांसाठी एक मशीन घेऊन मळवलीला आली होती. डब्याएवढं यंत्र, त्याला वायरीसारखी नळी… नळीचं टोक पाकळीवर धरलं की लॅपटॉपवर रेघ उमटते. ती रेघ म्हणजे त्या फुलाचा रंग.

मला आधी हसूच आलं. लाल ते लाल, त्यात मोजायचं काय? मग तिनं इंटरनेटवर एक यादी उघडून दाखवली. शास्त्रज्ञांनी जगभरातल्या फुलांचे रंग मोजून तिथं ठेवलेत, कुणीही उघडून बघावं. फुलाचं नाव टाकलं की त्याची रेघ समोर.

मधमाशीला तो रंग कसा दिसतो तेही त्यात आहे… लाल तर तिला आपल्यासारखा दिसतच नाही म्हणे. तरीच आमच्या जास्वंदीवर माशीपेक्षा ते वाकड्या चोचीचं बारकं पाखरू जास्त येतं. मी हे बोलले तर श्रुतीनं लगेच वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कुणी वहीत लिहिलं नव्हतं हो…

कुठं होते मी? हां, जास्वंद. श्रुतीची रेघ यादीतल्या रेघेशी जुळेना. जिथं खाली बसायला हवी तिथं वर उचललेली… म्हणजे रंग फिका. पाचही फुलांचं तेच.

मशीन सोमवारी दुपारी परत द्यायचं होतं. कॉलेजातल्या मॅडमनी आधीच बजावलं होतं, माप का जुळत नाही ते सांगता आलं नाही तर जास्वंद प्रोजेक्टमधून काढून टाकायची. आणि हिच्या प्रोजेक्टमध्ये जास्वंदच मुख्य. पोरीनं नळीचं टोक चारदा पुसलं, मशीन बंद करून चालू केलं. जेवली नाही. डोळे भरलेले…

मी शेजारी मेथी निवडत होते. टेबलावरच्या फुलांकडं बघता बघता एकदम ध्यानात आलं.

म्हटलं, "ही झाडावर उमललेली फुलं न्हाईत, बाई."

"म्हणजे? तूच तर तोडलीस."

"तोडल्या त्या कळ्या. उमलल्या त्या तांब्यात."

त्याचं असं आहे… आम्ही ज्या बंगल्याची देखभाल करतो, त्याच्या कुंपणाला ही जास्वंद आहे. शनिवार-रविवार पाहुणे येतात. सकाळी उठले की फूल तोडायचं, कानावर खोचायचं, फोटो काढायचा… माझ्या देवाला एक उरत नाही. म्हणून मी शनिवारी संध्याकाळीच कळ्या काढून आणते आणि तांब्यात घालून देवघरात ठेवते. सकाळपर्यंत उमलतात, पण घरातलं फूल जरा फिकंच. त्याला ऊन लागलेलं नसतं. देवानं कधी तक्रार केली नाही, मशीननं केली.

श्रुती माझ्याकडं बघतच राहिली. "आजी, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू कुटं इचारलंस?"

त्या संध्याकाळी मी एकाही कळीला हात लावला नाही. सोमवारी सकाळी दोघी कुंपणापाशी उभ्या… तिला पुण्याची गाडी गाठायची घाई, फुलाला कसली घाई नाही. एक गाडी गेली. मुक्कामाला राहिलेली एक पाहुणी फूल तोडायला आली, तिला म्हटलं, ताई, जरा थांबा, ह्याचं माप घ्यायचंय. मग तीसुद्धा चहाचा कप घेऊन आमच्यात उभी.

ऊन अंगावर आलं तेव्हा फूल पुरतं उघडलं. श्रुतीनं नळी धरली… आणि रेघ खाली बसली, जवळजवळ त्या यादीतल्या रेघेवरच. पोरीनं माझा हात घट्ट दाबला.

मी म्हटलं, आता कालची मापं टाक खोडून, कुणाला कळतंय.

"नाही आजी. तीपण द्यायची. फूल कुठं उमललं ते लिहून."

काल तिचा फोन आला. सगळ्या वर्गासमोर तिनं सांगितलं म्हणे, आधीची फुलं मी आजीच्या पूजेच्या ताटातून उचलली होती, ती चूक माझी. पोरं हसली… हीपण हसली. मॅडमनी दोन्ही मापं ठेवून घेतली. जास्वंद राहिली. जगाच्या त्या यादीत आमची रेघ जाईल न जाईल, ते पुढचं पुढं.

माझी शाळा तिसरीपर्यंतच, त्या रेघा काही मला वाचता येत नाहीत. पण चुकलेलं माप गुपचूप खोडायची सोय असताना जी पोर ते चारचौघांत मांडते, ती माझी नात आहे… एवढं सगळ्यांना सांगावंसं वाटलं, म्हणून लिहिलं.